पहिली बैठक लावण्याआधी

हे बघ, पुण्यात ईशान्येकडच्या मुलांना रूम देत नाहीत, रस्त्यात चेहऱ्यावरून 'चिंकी' म्हणून हिणवतात, म्हणून तू सगळ्यांना एकत्र बसवतोयस हे फार चांगलं आहे, पण लगेच हॉल बुक करून नगरसेवकांना फोन लावू नकोस. आधी त्या मुलांनाच भेट. नागा, मिझो, मणिपुरी, अरुणाचली सगळे वेगवेगळे आहेत, एकालाच उभं करून 'नॉर्थईस्टचा प्रतिनिधी' म्हणायचं नाही. मग सोसायटीचे चेअरमन, मंडळाचे अध्यक्ष, चर्चचे फादर यांच्या घरी जा, चहा घे, निवांत बोल, कारण भर सभेत कोणी चूक मान्य करत नाही. आणि रूमचे एजंट विसरू नको! खरा नकार तिथेच मिळतो.

बैठकीत निडो तानियाबद्दल सांगच. अरुणाचलचा पोरगा, जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत लाजपत नगरला केसांवरून चिडवलं, मारहाण झाली आणि तो गेला, मग ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी बघायला सरकारने बेझबरुआ समिती नेमली, तरी २०२० मध्ये याच मुलांना 'कोरोना' म्हणून हिणवलं. मला अजून त्रास होतो आठवलं की.

पहिल्या बैठकीत ठराव नको, फक्त अडचण आली तर रात्रीसुद्धा फोन उचलतील अशी प्रत्येक भागातली दोन माणसं ठरवून घे.