टाकीचा वास आणि गोव्यातला उकाडा
मे महिन्यात मोरजीला कॅम्परव्हॅन लावणार असशील तर आधी गाडीतल्या संडासाच्या टाकीकडे बघ, समुद्र कुठं पळून जात नाही. वास येतो तो बहुतेक वेळा पाण्याच्या काटकसरीमुळे. घोटभर पाण्यात फ्लश केलं की घाण तळाला चिकटते, उकाड्यात कुजते आणि हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे सडक्या अंड्यांचा दर्प सुटतो. टाकी रिकामी केल्यावर लगेच चार-पाच लिटर पाणी आणि एन्झाइमवालं औषध आत टाक. टाकी रिकामी करायचा व्हॉल्व्ह एरवी कायम बंद ठेव; उघडा राहिला तर पाणी वाहून जातं नि मैला मागे उरतो. ब्लीच मात्र नको, मैला पचवणारे जिवाणूच मरतात.

तरीही वास आला तर सिंकखालचा वाकडा पाइप कोरडा पडलाय का बघ. पेलाभर पाणी ओतलंस की काम झालं. फ्लश करताना छताचा पंखा बंद, नाहीतर तो टाकीतली हवा आत ओढतो. आणि बांगड्याच्या हुमणाची ताटं कागदाने पुसून मगच धू; सांडपाण्याची टाकी तेलकट झाली की संडासाच्या टाकीलाही मागे टाकते!

रिकामी करायची ती जागामालकाला विचारून, त्याच्या सेप्टिक टँकमध्ये. खाडीत किंवा माडाच्या आळ्यात अजिबात नाही.