श्वासातली प्रथिनं मोजून फुफ्फुसांचा आजार कळतो का? मिरजेत ही तपासणी होईल का?

तुम्ही लिहिलंय की वडील सांगलीत हळकुंडं पॉलिश करायच्या ड्रमवर वीस वर्षं आहेत, जिना चढताना त्यांना धाप लागते, आणि ही नवी तपासणी करून घ्यावी का. तपासणी खरी आहे, पण अजून संशोधनापुरतीच. तिच्यासाठी मिरजेला हेलपाटे घालू नका. वडिलांना आधी स्पायरोमेट्री हवी, म्हणजे यंत्रात जोरात फुंकून किती हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजायची तपासणी.

प्रथिनं काही वाफ होऊन उडत नाहीत. श्वासनलिकांना आतून ओलाव्याचा पातळ थर असतो. पूर्ण श्वास सोडला की सगळ्यात बारीक नळ्या मिटतात. पुढच्या श्वासाला त्या उघडताना मधला पापुद्रा फुटतो आणि अतिसूक्ष्म थेंब उडतात. दुधाची रिकामी, ओली पिशवी चिकटलेली असताना ओढून उघडा, शिंतोडे उडतात ना, तसंच. या थेंबांत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन असतं, सर्फॅक्टंट प्रथिन ए असतं. हे दुसरं फुफ्फुसाच्या अगदी खोल भागातली खबर देतं, म्हणून संशोधकांचा त्यावर डोळा.

गोळा करायच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत नाकाला चिमटा लावून १० मिनिटं नेहमीसारखा श्वास शून्याखाली थंड केलेल्या नळीत सोडायचा. १ ते २ मिली पाणी जमतं, आणि त्यात ९९ टक्क्यांहून जास्त नुसतं पाणीच. दुसरी रीत स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी पुढे आणली: श्वास पूर्ण सोडून काही सेकंद थांबायचं, मग छाती भरून घ्यायचा आणि यंत्रात सोडायचा. यंत्र शरीराइतकं उबदार ठेवतात, नाहीतर कणांवर पाणी धरून ते फुगतात. असं बऱ्याचदा केल्यावर हाती लागतात जेमतेम १०० नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक कोटीवा भाग.

खरं घोडं इथंच पेंड खातं. लाळेचा एक थेंब आत गेला की मोजणी तोंडाची होते, फुफ्फुसाची नाही, म्हणून नमुन्यात अमायलेज, म्हणजे लाळेतलं पाचक प्रथिन, आहे का ते आधी बघतात. हाताच्या कातडीतलं केराटिन पडतं आणि नेमकं तेच ठळक दिसतं. साध्या प्लास्टिकच्या नळीला प्रथिन चिकटून बसतं. नमुना उणे ८० अंशांवर ठेवावा लागतो, एकदा वितळवून पुन्हा गोठवला की भरवसा गेला. आणि थंड नळीत पाण्याचं प्रमाण माणसागणिक बदलतं, त्यामुळे आकडा कमी आला तर प्रथिन कमी की पाणी जास्त, हे कळत नाही. निरोगी माणसाचा सर्वमान्य आकडाच नसेल तर रिपोर्ट वाचायचा कशाशी ताडून?

एक गल्लत होते. काही दवाखान्यांत 'फेनो' नावाची श्वासाची तपासणी असते. तिच्यात नायट्रिक ऑक्साइड वायू मोजतात, प्रथिन नव्हे. मोठ्या माणसात ५० पीपीबीच्या (हवेच्या एक अब्ज भागांत ५० भाग) वर आकडा आला तर स्टेरॉइडच्या पंपाने फरक पडायची शक्यता जास्त, २५ च्या खाली असेल तर कमी. दम्यासाठी कामाची, पण तीही स्पायरोमेट्रीनंतर.

स्पायरोमेट्रीला जाताना सैल कपडे घालायला सांगा, दोन तास आधी भरपेट जेवण नको, तासभर आधी विडी नको. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सॅल्ब्युटामॉलचा पंप चालू असेल तर चार ते सहा तास आधी बंद, पण डॉक्टरांना विचारून. घट्ट बसणारी कवळी काढू नका, ओठ नीट मिटतात. नुकताच हार्ट अटॅक आला असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी सांगा. फुंकर जोरात आणि निदान सहा सेकंद हवी, किमान तीन वेळा. पहिल्या सेकंदाला अर्ध्या जोरात फुंकली तर सगळा आलेख वाया. मग तेच सॅल्ब्युटामॉल ४०० मायक्रोग्रॅम देऊन १५ मिनिटांनी पुन्हा. औषधानंतरही पहिल्या सेकंदाचा वाटा एकूण हवेच्या ०.७० च्या खाली राहिला तर नळ्या आक्रसलेल्या आहेत.

खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर सरकारी दवाखान्यात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी फुकट होते, तीही उरकून घ्या.

आणि एक साधा पीक फ्लो मीटर आणा, फुंकरीचा सगळ्यात जास्त वेग दाखवणारी हातात धरायची नळी. उठल्यावर, कामावर असताना, घरी आल्यावर, झोपताना, दर वेळी तीन फुंकरींतली मोठी वहीत लिहा, तीन-चार आठवडे, सुट्टीच्या दिवसांसकट. ड्रमच्या दिवसांत आकडे घसरून सुट्टीत वर येत असतील तर ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.