'मित्रायॉझ' म्हणजे मशीनगनच का?

१८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धावरचा फ्रेंच मजकूर मराठीत आणताना 'मित्रायॉझ'ला 'मशीनगन' म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आला आहे. माझं मत: १८७० साठी नाही, १९१४ साठी खुशाल.

या शब्दाचं मूळ फार सुंदर आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'मित' म्हणजे तांब्याचं अगदी हलकं नाणं. त्यावरून 'मित्राय': आधी किरकोळ धातूचे तुकडे, भंगार, मग तोफेत ठासायचे छरे. आजही बोलीत सुट्ट्या पैशांना मित्राय म्हणतात. आपला 'मोड' शब्द आठवून पाहा. शंभराची मोड मागतो तीही मोड, आणि जुनी भांडी मोडीत घालतो तीही मोडच! चिल्लर आणि भंगार एकाच शब्दात बसवायचं दोन्ही भाषांना सुचलं, याचा मला फार आनंद होतो.

पुढे 'मित्राये' म्हणजे छऱ्यांचा मारा करणे, आणि तो करणारं यंत्र ती मित्रायॉझ. किसणेवरून किसणी, चाळणेवरून चाळणी, तसंच, लिंगसुद्धा स्त्रीलिंगच.

आता १८७० ची वस्तू पाहू. रेफी या अधिकाऱ्याने मदाँ इथल्या कारखान्यात ती गुप्तपणे तयार करवली. एकत्र बसवलेल्या २५ नळ्या, खाली तोफेचा गाडा. मागून २५ काडतुसांचा ठोकळा बसवायचा, दांडा फिरवायचा, नळ्या एकामागून एक झडायच्या. मग ठोकळा काढून दुसरा. सैन्यातलं तिचं नावच 'कानाँ आ बाल', म्हणजे गोळ्यांची तोफ. आणि तिला वापरलंही तोफेसारखंच, लांबून, त्यामुळे प्रशियाच्या क्रुप तोफांपुढे तिचा निभाव लागेना. इथे 'मशीनगन' लिहिलंत, तर इतकं भारी हत्यार असून फ्रेंच हरले कसे, असा चुकीचा प्रश्न वाचकाला पडेल. 'मित्रायॉझ' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'पंचवीस नळ्यांची तोफ' असा खुलासा करा.

पुढे वस्तू बदलली, नाव राहिलं. १९१४ ची हॉचकिस एकाच नळीची. झाडलेल्या गोळीमागच्या वायूच्या दाबावर आपोआप भरणारी, २४ काडतुसांच्या धातूच्या पट्टीवर चालणारी. ती खरी मशीनगन, पण फ्रेंचमध्ये मित्रायॉझच. पोर्तुगीज 'मेत्राल्यादोरा' आणि स्पॅनिश 'आमेत्राल्यादोरा' या शब्दांतही तेच छरे आहेत.

एक सावधगिरी. 'फ्युझी-मित्रायर' दिसला, उदाहरणार्थ १९१५ ची शोशा किंवा १९२४ ची शातेलरो, तर 'हलकी मशीनगन' लिहा. 'मित्रायेत' मात्र सबमशीनगन; तिच्यात पिस्तुलाची काडतुसं असतात.