वाचकांचे प्रश्न : खोपोलीचं इमॅजिका आणि चढावर थांबलेली गाडी

इमॅजिका थीम पार्कमधल्या ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरची गाडी चढावर मध्येच थांबली तर मागे घसरेल का? तिला वर ओढणारी साखळी तुटली तर? (सातारा)

घसरणार नाही. चढावर जी टकटक ऐकू येते ती त्याचीच खूण. रुळांच्या मध्ये लोखंडी दात्यांची पट्टी असते आणि डब्याच्या पोटाला बिजागरीवर हलणारा खटका. गाडी वर जाताना खटका दात्यावरून सरकून पुढच्या खाचेत पडतो. गाडी मागे येऊ लागली की तोच दात्यात अडकतो. या कामाला वीजही लागत नाही आणि माणूसही. साखळी सुटलीच तरी गाडी फार तर एका दात्याएवढी मागे येईल.

चढावर गाडी थांबते ती बहुतेक वेळा मुद्दाम थांबवलेली असते. रेल्वेसारखेच इथेही मार्गाचे ‘ब्लॉक’ पाडलेले असतात आणि एका ब्लॉकमध्ये एकच गाडी असते. स्टेशनात कुणाचा हार्नेस (सीटवर धरून ठेवणारी पकड) लागत नसेल, कुणी शेवटच्या क्षणी उतरायचं म्हणत असेल, तर मागची गाडी साखळीवरच धरून ठेवतात. एकदा माथा ओलांडला की पुढच्या ब्रेकपर्यंत तिला थांबवायची सोयच नसते. अशा वेळी जागेवर बसून राहायचं, घोषणा ऐकायची आणि मोबाइल काढायचा नाही. चाळीसेक मीटरवरून पडलेला मोबाइल खालच्या माणसाचं डोकं फोडू शकतो.

जड माणसं बसली तर गाडी जास्त पळते का? आणि मागच्या रांगेत पोटात जास्त गोळा का येतो? (नाशिक)

गाडीला इंजिन नसतं. साखळीने उंचीवर नेलं, त्या उंचीचाच पुढे वेग होतो. हिशेब साधा आहे : ४० मीटर उतार, घर्षण शून्य धरलं तर तळाशी ताशी सुमारे १०० किलोमीटर. या सूत्रात वजन येतच नाही. प्रत्यक्षात भरलेली गाडी किंचित जास्त पळते, कारण हवेचा अडथळा जवळपास तेवढाच राहतो आणि तो कापायला वजन जास्त असतं. सकाळची पहिली फेरी थोडी मंद वाटते. चाकांवरचं पॉलियुरेथेन (रबरासारखं प्लास्टिक) आणि बेअरिंगमधलं ग्रीस गरम झालं की गाडी मोकळी होते.

रांगेचं म्हणाल, तर गाडीचा मध्य माथा ओलांडेपर्यंत वेग वाढत नाही. म्हणजे पुढचे लोक कड्यावर हळूहळू लोंबकळतात, आणि मागचे माथ्यावर पोहोचतात तेव्हा गाडी आधीच खाली धावत असते. ती त्यांना खेचून नेते, म्हणून बूड सीटवरून सुटतं. पहिल्यांदा बसणाऱ्याने मधली रांग धरावी. देखावा हवा असेल तर पुढची, आणि मान दुखत असेल तर कुठलीच नाही.

लूप, म्हणजे गाडीला उलटं फिरवणारा वेढा, पूर्ण गोल का नसतो? (अकोला)

मान वाचावी म्हणून. वर्तुळाकार लूप जेमतेम पार होईल एवढा वेग दिला तरी तळाशी अंगावर वजनाच्या सहापट भार येतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ च्या सुमारास असे गोल लूप होते आणि ते मानदुखीसाठीच गाजले. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात थेंबाच्या आकाराचा लूप आला : तळाशी रुंद, वर आवळलेला. वेग जास्त तिथे वळण सैल. नायट्रोवर गाडी पाच वेळा उलटी फिरते, ती वळणं याच हिशेबाने आखलेली.

जुलैत जायचंय. सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा. पावसात पैसे वाया जातील का? (कोल्हापूर)

खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे, पाऊस धरूनच चाला. विजा कडाडल्या किंवा वारा वाढला की उंच राइड्स बंद करतात, आणि त्या पुन्हा कधी सुरू होतील ते कुणी सांगत नाही. तरी या पार्कची एक जमेची बाजू आहे. ते एप्रिल २०१३ मध्ये काढलं मनमोहन शेट्टींनी, म्हणजे अ‍ॅडलॅब्स ही फिल्म प्रोसेसिंगची लॅब उभारणाऱ्या माणसाने. सिनेमावाल्याचं पार्क असल्याने बरेचसे खेळ छताखाली, पडदा आणि सेट यांवर उभे आहेत. सासूबाईंसाठी ‘आय फॉर इंडिया’ बघा. बसल्या जागी देशावरून फिरवून आणतं.

सकाळी आकाश उघडं असेल तर मोठ्यांनी आळीपाळीने आधी नायट्रो उरकावं; छताखालचं दुपारी. मुलाची उंची घरीच, बूट काढून मोजा. गेटवर वयाला नव्हे, उंचीला विचारतात आणि तिथे हुज्जत चालत नाही. ‘राजासॉरस’च्या बोटीत भिजायला होतं, तेव्हा ती शेवटी. (राजासॉरस हा खराखुरा, गुजरातेत सापडलेला डायनोसॉर; २००३ मध्ये त्याला हे नाव मिळालं.) वॉटर पार्कचं तिकीट वेगळं असतं, एका दिवसात दोन्ही कोंबू नका. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच.

एस्सेल वर्ल्ड बंद झालं का? (डोंबिवली)

हो, २०२२ मध्ये. सुभाष चंद्रांनी गोराईला १९८९ मध्ये ते सुरू केलं होतं. शेजारचं १९९८ चं वॉटर किंगडम मात्र चालू आहे. इमॅजिकाचीही मालकी २०२२ मध्येच बदलली. आता ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. डोंबिवलीहून खोपोली लोकलने जाता येतं. कल्याणनंतर कर्जतमार्गे खोपोलीला थेट जाणाऱ्या गाड्या मोजक्याच, तेव्हा परतीची वेळ निघण्याआधी बघून ठेवा. स्टेशनपासून पार्क पालीच्या रस्त्यावर आहे, चालत जाण्याजोगं नाही. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा.