लॅपटॉपवर साइट उघडते, गिऱ्हाइकाच्या फोनवर वॉर्निंग येते

प्रश्न : आमची देवगडला हापूसची कलमं आहेत, पेट्यांच्या ऑर्डरी वेबसाइटवर घेतो. जानेवारीत कणकवलीच्या एका मुलाने सर्व्हरवर लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट एसएसएल सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) टाकून दिलं. माझ्या लॅपटॉपवर साइट व्यवस्थित उघडते पण मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं म्हणतात फोनवर लाल वॉर्निंग येते. आता दुसरा एक जण सांगतो की फुकटातलं असंच असतं, विकतचं घ्या. घेऊ का?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : दादा, अजिबात घेऊ नका. एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती कुलूपबंद करून पाठवणं, दोन्हीत सारखंच असतं, आणि विकतचं जरी असंच अर्धवट बसवलं तरी फोनवर हेच होणार.

तुमचं वर्णन वाचून वाटतं की मधलं सर्टिफिकेट, म्हणजे इंटरमीडिएट, सर्व्हर पाठवतच नाहीये. ब्राउझर तुमच्या सर्टिफिकेटवर सही कोणाची, त्या सहीवाल्यावर सही कोणाची, असं बघत बघत ओळखीच्या रूटपर्यंत, म्हणजे ज्यावर त्याचा आधीच भरवसा असतो त्या मूळ सर्टिफिकेटपर्यंत जातो, मधला दुवा नसेल तर तिथेच अडतो. लॅपटॉपवरचा ब्राउझर तो दुवा बरेचदा स्वतः शोधून आणतो म्हणून तुम्हाला काही कळलं नाही, पण सगळे फोन तसं करत नाहीत. सर्व्हरवर साइट दाखवणारं सॉफ्टवेअर एनजिनएक्स असेल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘सर्ट डॉट पेम’ लिहिलंय का बघा, तिथे ‘फुलचेन डॉट पेम’ पाहिजे, त्यात तुमचं आणि मधलं अशी दोन्ही सर्टिफिकेटं असतात, बदला आणि रीलोड करा. मग एसएसएल लॅब्स या वेबसाइटवरच्या फुकट टेस्टमध्ये डोमेन टाका, ‘चेन इश्यूज’समोर ‘इनकम्प्लीट’ येता कामा नये. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावता, दोन्ही पत्ते त्याच सर्टिफिकेटमध्ये आहेत ना तेही त्याच वेळी बघून घ्या.

आता मला खरी काळजी वाटते ती पुढची. हे सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, जानेवारीत टाकलेलं एप्रिलमध्ये संपणार, म्हणजे ऐन हापूसच्या सीझनमध्ये! मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केलेत, त्यामुळे कोणी आठवण करून देईल या भरवशावर राहू नका. त्या मुलाला सर्टबॉटचं (सर्टिफिकेट काढणारं आणि नवं करणारं सॉफ्टवेअर) रिन्यू ‘ड्राय रन’ म्हणजे रंगीत तालीम लावून तुमच्यासमोर चालवायला सांगा. एचटीटीपी पद्धतीने पडताळणी होत असेल तर पोर्ट ८०, म्हणजे साध्या एचटीटीपीचं सर्व्हरवरचं दार, उघडा लागतो, आता एचटीटीपीएस आहे म्हणून काही जण तो बंद करून टाकतात आणि रिन्यूअल तिथेच फसतं. शिवाय नवीन सर्टिफिकेट आल्यावर सर्व्हर आपोआप रीलोड व्हायला पाहिजे, नाहीतर फाइल नवी आणि गिऱ्हाइकाला दिसतंय जुनंच.

विकतचं घेऊनही ही कटकट टळत नाही. १५ मार्च २०२६ पासून नव्या सर्टिफिकेटची जास्तीत जास्त मुदत २०० दिवस, आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस ठरलीय, मग ते कुठूनही घ्या.

आणि हो, त्या मुलाने प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) ची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली असेल तर ती की बाद समजा, नवीन की बनवून सर्टिफिकेट पुन्हा काढा आणि जुनं रिव्होक, म्हणजे रद्द करा.