खानापूरकडच्या जुन्या घरातला लाकडी जिना करकरतो, दोन पायऱ्या दबतात. सगळा काढावा का?

उगीच काढू नका. आधी दोन्ही बाजूंच्या जाड फळ्या तपासा, विशेषतः जमिनीला टेकतात तिथं. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. टोक सहज आत गेलं आणि भुसा-माती बाहेर आली, तर वाळवी आहे. मग मात्र सुताराला बोलवा, तोवर वर-खाली नको. आमच्या घरी वरून पॉलिश झकास होतं, आतून नुसता पापुद्रा!

बाजू टणक असतील तर काम सोपं. दबणारी फळी काढून तेवढ्याच जाडीचं वाळलेलं सागवान बसवा. खिळे नकोत, ते सैल होतात. आधी बारीक भोक पाडून स्क्रू मारा, नाहीतर फळी चिरते. बाजूला दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा, आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं. नुसती करकर असेल तर खालून कोपऱ्यात लाकडी ठोकळा फेविकॉल लावून स्क्रूनं आवळा.

बाजूच्या फळ्यांच्या तळाशी शहाबादी फरशीचा तुकडा सरकवा, ओल कमी चढते. आणि हे सगळं पावसाळ्याआधी, मे महिन्यात.