१६ जीबीपैकी ८ जीबीच दिसत असल्यास

८-८ जीबीच्या दोन पट्ट्यांची नवी रॅम दुकानदाराकडे परत नेण्याआधी संगणकाचा वीजपुरवठा पूर्ण बंद करा आणि एकेक पट्टी त्याच एका स्लॉटमध्ये (रॅम बसवायच्या खाचेत) लावून पाहा, म्हणजे दोष पट्टीचा की स्लॉटचा, याचा उलगडा होईल. चार स्लॉटच्या बहुतेक मदरबोर्डवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. खटका लागेपर्यंत त्या दाबा, कारण माझ्या मते अर्धवट बसलेली पट्टी हेच बहुधा खरे कारण निघते. वेगाचे म्हणाल, तर ३२०० ची डीडीआर४ रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालणे हा बिघाड नव्हे. पूर्ण वेगासाठी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारा पर्याय, सुरू करावा लागतो. त्यानंतरही सीपीयू-झेड हे संगणकाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर १६०० दाखवत असेल, तर घाबरू नका, तिथे निम्माच आकडा दिसतो.